सात बटणांची डोरीन

त्या वर्षी डोरीन पहिल्यांदा गळाला लागली ती मार्चच्या बारा तारखेला. ज्या गृहस्थांच्या गळाला लागली त्यांना तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

गृहस्थ दातांचे डॉक्टर. तळ्याचे सभासद होऊन त्यांना दोनच दिवस झालेले. काठी नवी, खुर्ची नवी, टोपीवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढायची राहिलेली. चहाच्या खोलीसमोरच्या बैठकीवर बसून त्यांनी खाऊन उरलेला सँडविचचा तुकडा गळाला लावला, बदकन पाण्यात टाकला आणि छानपैकी डुलकी काढली. जाग आली तेव्हा काठी तळ्याच्या दिशेनं निघाली होती. वीस मिनिटांनी ओल्या गादीवर एक्केचाळीस पौंडांची कार्प पडली होती आणि डॉक्टर मला विचारत होते, "हा मोठा म्हणायचा का?"

मी या तळ्याचा राखणदार. जुन्या खडीच्या खाणीत पाणी भरून झालेलं हे तळं, मधे एक बेट, भोवती वाळुंजाची झाडं, आणि बावीस सभासद. मासा धरायचा, जोखायचा, फोटो काढायचा आणि जसाच्या तसा पाण्यात सोडायचा, हा इथला रिवाज. त्यामुळे इथला थोरला मासा दहा जणांच्या हातून जातो, वीस जणांच्या हातून जातो, त्याला नाव पडतं, त्याचा लौकिक होतो. मी नोंदवही ठेवतो, गळाची जखम झाली असेल तर माशाच्या ओठाला जांभळं औषध लावतो आणि चहा करतो. डोरीनच्या ओठावरचे व्रण मला पाठ आहेत.

डॉक्टरांचा हा पराक्रम समोरच्या तीरावरून आमचा जुना सभासद मॉरिस ट्रँटर दुर्बिणीतून पाहत होता.

दुपारी चहाला सगळे जमले तेव्हा कॉलिन फॅरंटनं त्याला गाठलंच. फॅरंट नळकाम करतो, आवाज सात भिंतींपलीकडे जाईल असा. मॉरिसला तो चिडवून 'प्रोफेसर' म्हणतो.

"प्रोफेसर, ऐकलंत का? दातांच्या डॉक्टरनं काढली तिला. अजिबात न दुखवता!"

मॉरिसनं कपात साखर ढवळली. सगळं आयुष्य त्यानं पियानो सुरात लावण्यात घातलं होतं, चमचासुद्धा तो कपाच्या कडेला लागू देत नसे. "मला काय त्याचं? डोरीन म्हणजे मासा नाहीच. सार्वजनिक नळ आहे तो. कुणीही यावं, भांडं लावावं."

"खरंय. फक्त तुझ्याच भांड्यात थेंब पडत नाही."

खोली हसली. मॉरिसही हसला, पण त्या हसण्यात जोर नव्हता.

डोरीनचं नाव पडलं ते आमच्या गावच्या पोस्टवाल्या बाईंवरून. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात ही कार्प लागोपाठ पाच जणांच्या गळाला लागली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ही तर डोरीन हॅचसारखी, एकाही घराचं दार चुकवत नाही. बाई तेव्हा लाल सायकलवरून पत्रं वाटायच्या. आम्ही घाबरत घाबरत परवानगी मागायला गेलो. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "वजन किती तिचं?"

"सव्वीस पौंड."

"मग ठेवा नाव. माझ्यापेक्षा बारीकच आहे."

गावात नवे पाद्री आले होते तेव्हाची गंमत. पबमध्ये कुणीतरी सांगत होतं, काल डोरीनला मिठीत घेतलं, काय वजन वाढलंय तिचं, ओठ पण सोललेत बिचारीचे. पाद्रीबाबा दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन बाईंच्या दारात, धीर द्यायला.

तर या डोरीनच्या डाव्या कुशीवर सात मोठे खवले आहेत, एका ओळीत, कोटाच्या पितळी बटणांसारखे. बाकी अंग तेल लावलेल्या कातड्यासारखं. उन्हात धरली की बटणं अशी झळकतात की फोटोत धरणाऱ्याचा चेहरा कुणी बघतच नाही.

आणि माणसं तिच्याकडे किती तऱ्हांनी बघतात! एक जण दोनशे मैलांवरून वर्षातून दोनदा येतो, फक्त तिच्यासाठी, आणि मिळाली की त्याच संध्याकाळी परत जातो. दुसरा ती लागली की तोंड वाकडं करतो, "पुन्हा तूच का?" म्हणतो आणि फोटोसुद्धा न काढता सोडून देतो. एक ट्रकवाला आहे, तो सोडायच्या आधी तिची माफी मागतो, मोठ्यानं, टोपी काढून. कुणी म्हणतं, इतक्यांदा धरलेला मासा धरण्यात कसला पुरुषार्थ, जत्रेत नगराध्यक्षांशी हात मिळवण्यासारखं आहे. कुणी म्हणतं, आपण तिला धरत नाही, पावाच्या तुकड्यासाठी तीच आपल्याला वापरते. माझं स्वतःचं म्हणणं एवढंच, की जी सगळ्यांची होते तिला हलकी समजू नये. पण मला विचारतो कोण!

मॉरिसचं सगळं मन होतं जोगिणीवर.

जोगीण म्हणजे बेटामागच्या खोल पाण्यातली कार्प. अंगावर खवला नाही, केवळ शेपटीच्या मुळाशी तीन बारीक टिंबं. ती आजवर तीनदाच गळाला लागली होती आणि तिन्ही वेळा एकट्या मॉरिसच्या. बेटामागे, थंडीच्या दिवसांत, सोबतीला कुणी नाही. तो डावखुरा, शिवाय त्याचा कटाक्ष असा की मासा अर्ध्या मिनिटाच्या वर पाण्याबाहेर ठेवायचा नाही. गळ काढायचा, जोखायचं, तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यानं एकच फोटो, की सोडलं. त्या तीन फोटोंवर तळ्याची निम्मी कीर्ती उभी होती. लोक चहाच्या खोलीत येऊन ते फोटो बघत उभे राहत, आवाज खाली करून बोलत.

त्याच भिंतीवर एक फलक आहे. त्यावर तळ्यातल्या अकरा थोरल्या कार्पांची नावं, आणि खाली मोकळी जागा. अकराच्या अकरा ज्याला मिळतील त्याचं नाव तिथं लागायचं. फॅरंटला दहा मिळाल्या होत्या, जोगीण राहिली होती. मॉरिसला दहा मिळाल्या होत्या, राहिली होती ती डोरीन. जी दातांच्या डॉक्टरला झोपेत मिळाली ती! अकरा वर्षं!

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी खोलीत कुणी नसताना मॉरिस आला आणि म्हणाला, "नोंदवही दाखव जरा."

मी दाखवली. त्यानं डोरीनचं पान काढलं आणि वजनांवरून बोट फिरवत खाली आला.

"पाच वर्षांपूर्वी सेहेचाळीस होती. मग चव्वेचाळीस. आता एक्केचाळीस."

"चाळिशी उलटली तिची. कार्पची चाळिशी म्हणजे आपली नव्वदी."

"म्हणजे या उन्हाळ्यात नाही तर पुढच्या…"

"तुझा नळ बंद होईल," मी म्हणालो.

तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला. "अकरा वर्षं खोटं बोलतोय मी. मला ती हवीय रे. इतकी हवीय की डॉक्टर विचारत होता ना, हा मोठा म्हणायचा का, तेव्हा मला दुर्बीण धरवेना."

"आणि फलकावरचं नाव?"

"ते पण हवंय. तुझ्याशी कशाला लपवू? पहिलं हवंय, फॅरंटच्या आधी. आणि ती जिवंत असताना हवंय."

मी वही त्याच्याकडे वळवली. "मग हे वाच. त्रेसष्ट वेळा सापडलीय. त्यातली अठ्ठेचाळीस वेळा कुठे? बालवाडीत." चहाच्या खोलीसमोरच्या त्या बैठकीला आम्ही बालवाडी म्हणतो, नवशिक्यांना तिथंच बसवतात. "आमिष काय? पाव. मका. चीज. एकदा ताटातून घसरलेलं बेकन. तू कुठे बसतोस? बेटामागे. काय लावतोस? सहा महिने मुरवलेल्या गोळ्या, ज्यांचा वास मलासुद्धा कळत नाही."

"पण तिथंच तर जोगीण…"

"मग जोगीणच येणार. डोरीन हवी तर बालवाडीत बस."

मॉरिस असा बघायला लागला, जणू मी त्याला चौकात कपडे उतरवायला सांगितलं होतं. "सगळ्यांसमोर? पाव लावून? फॅरंट मरेपर्यंत मला सोडायचा नाही."

"तू ठरव. तिला तुझ्या मोठेपणाचं काही पडलेलं नाही."

तो उठून गेला. दोन आठवडे फिरकला नाही.

मे महिन्याचा दुसरा शनिवार हा आमचा श्रमदानाचा दिवस. सगळे सभासद पलीकडच्या टोकाला वाळुंजाच्या फांद्या तोडायला जातात, फॅरंट तिकडेच शेगडी मांडून सॉसेज भाजतो, आणि दुपारी बारानंतर ज्याला हवं त्यानं गळ टाकायला मुभा असते. पण खाणं सोडून कोण उठतो? मॉरिसला पाठीमुळे त्या कामातून सूट. बाराला पाच कमी असताना तो खोलीच्या खिडकीशी आला. एक काठी, एक जाळं, कॉलर वर केलेली.

"पाव आहे का?" हळूच.

"कसला?"

"पांढरा. कापलेला." इकडेतिकडे बघून, "हलक्यातला."

मी पावाचा पुडा त्याच्या हातात दिला. सांगू का, इतकी वर्षं त्याला ओळखतो, पण त्या क्षणी तो मला जितका मोठा वाटला तितका कधी वाटला नव्हता.

बसला बालवाडीत. पण हाताची सवय जाते कुठे? पहिला गळ टाकला तो असा, की पाण्याला समजलंसुद्धा नाही.

"आवाज कर," मी खिडकीतून म्हणालो.

"आवाज?"

"नवशिके टाकतात तसा. चहात साखर पडल्यासारखा नको, आडात बादली पडल्यासारखा."

त्यानं तीनदा प्रयत्न केला. तीनदा गळ पिसासारखा उतरला. मला हसू आवरेना. तो बापडा स्वतःच्याच कसबाशी झगडत होता. एवढ्यात मागून सायकलची घंटा वाजली आणि डोरीनबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पत्रं वाटणं कधीच सुटलं, सायकल सुटली नाही. श्रमदानाच्या दिवशी लिंबाचा केक आणायचा त्यांचा शिरस्ता.

"कुठे गेले सगळे? आणि हा कोण, मॉरिस? इथं बाळांच्यात काय करतोस रे? शिक्षा झालीय?"

"हळू बोला, बाई."

"का? मासे झोपलेत?" म्हणत बाईंनी एक बादली उपडी घातली, मॉरिसच्या शेजारी फतकल मारली आणि केकचा डबा उघडला. वाटेत सायकल कलंडून केकची एक कड चुरली होती. बाईंनी तो चुरा ओंजळीत घेतला आणि दिला भिरकावून पाण्यात. "खा रे बदकांनो!"

मॉरिसनं डोळे मिटून घेतले.

बदकं काही आली नाहीत. केकचा चुरा पाण्यावर पसरला, मॉरिसच्या पावाच्या तुकड्याभोवती तरंगत राहिला. बाई आपल्या नातसुनेच्या स्वयंपाकाविषयी सांगत होत्या, मोठ्यानं, पाय आपटत. आणि मग चुऱ्याखाली पाणी फुगलं. एक तपकिरी ओठ वर आला, जाडजूड, व्रणांनी भरलेला. एक कण खाल्ला. दुसरा खाल्ला. मग पावाचा तुकडा दिसेनासा झाला.

"मॉरिस!" मी ओरडलो.

त्यानं काठी उचलली, आणि काठी वाकली ती थेट मुठीपर्यंत.

काय धावली ती! एक्केचाळीस पौंडांची म्हातारी म्हणे! पहिल्या धावेत ती सत्तर हात गेली, रीळ किंचाळत होतं, दोरी पाणी चिरत निघाली होती. मॉरिस पाठ विसरला, गुडघे विसरला, उभा राहिला. ती काठच्या लव्हाळ्याकडे वळली, तो काठी आडवी करून तीन पावलं चालला आणि तिला वळवली. ती तळाशी जाऊन बसली, दगडासारखी. तो थांबला. आमच्या रविवारच्या प्रवचनकार बाई बोलता बोलता एका शब्दावर सूर धरतात आणि सगळं चर्च श्वास धरून बसतं, तसा तो थांबला, आणि हळूहळू, बोटभर, वीतभर, तिला उचलत गेला. ती पुन्हा धावली. त्यानं पुन्हा दिलं. जे हातात आहे ते द्यायचं आणि जेवढं येईल तेवढंच घ्यायचं; घाई केली की दोरी तुटते. सोळा मिनिटं मी मोजली. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती, पण तो पुटपुटत होता ते माझ्यासाठी नव्हतं.

"जाळं!" तो ओरडला. "बाई, जाळं!"

मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत डोरीनबाई बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. जाळं दोन्ही हातांनी धरलेलं, स्कर्ट पाण्यावर तरंगतोय. "कुठून घालू? डोक्याकडून की शेपटीकडून?"

"डोक्याकडून! थांबा! आता!"

"ये गं बाई, ये," म्हणत बाईंनी जाळं उचललं. डोरीननं डोरीनला झेललं.

आम्ही तिघांनी मिळून तिला ओल्या गादीवर ठेवलं. मॉरिसनं जाळ्याची घडी उलगडली आणि त्याचा चेहरा उतरला.

गुळगुळीत, खवला नसलेली कूस. शेपटीच्या मुळाशी तीन टिंबं.

"जोगीण," तो म्हणाला.

देवाची करणी बघा. जिच्या एका दर्शनासाठी फॅरंट दहा हिवाळे कुडकुडला ती चौथ्यांदा मॉरिससमोर पडली होती, आणि मॉरिस रडवेला झाला होता. "पावावर? इथं? तू इथं कशाला आलीस गं?" त्यानं तिच्या ओठातला गळ अलगद काढला. "राखणदार, पाणी ओत तिच्यावर. सोडतो लगेच."

"अरे, एकाच कुशीवर किती वेळ निजवणार तिला?" डोरीनबाई स्कर्ट पिळत म्हणाल्या. "माझ्या आईला दवाखान्यात तासातासाला कूस बदलून द्यायचे. वळव तिला, बरं वाटेल."

मॉरिसनं तिला दोन्ही हातांनी वळवलं.

सात बटणं. एका ओळीत. उन्हात झळकत.

 मी तिचा ओठ पाहिला. वरच्या डाव्या बाजूचा आडवा व्रण, कोपऱ्यातली खाच, मार्चमधल्या सँडविचची नवी खूण. या माशाला मी स्वतः वीस-पंचवीस वेळा झोळीत धरलंय. तीन टिंबं मला कधी दिसली नसतील का? दिसली असतील. पाहिली नाहीत. बाकी सगळे तिची डावी कूस कॅमेऱ्याकडे धरायचे, डावखुरा मॉरिस तेवढा उजवी. जिची बटणं एवढी सुंदर, तिची पाठची बाजू कोण बघतो? आणि जी कुणालाच मिळत नाही तिला, रोज दारात येणारीच्या अंगावर कोण शोधतो? सगुण-निर्गुणाचा वाद आमच्या खोलीत दहा वर्षं चालला होता, दोन्ही फोटो एकाच भिंतीवर लावून.

"एकच," मॉरिस म्हणाला. "एकच आहेत."

"काय एकच?" बाईंनी विचारलं. 

आमची आरडाओरड तळ्यापलीकडे पोचली होती. फांद्या तोडायचा आवाज थांबला होता. काठाकाठानं माणसं धावत येताना दिसत होती, सगळ्यांच्या पुढे फॅरंट, हातात सॉसेज उलटायचा चिमटा तसाच.

मॉरिसनं तिला झोळीत घेतलं आणि झोळी पाण्यात धरली, तिला श्वास मिळावा म्हणून. वर न बघता मला म्हणाला, "तू काय लिहिणार?"

"नेहमीचंच. पकडणारा सांगेल ते नाव."

"मी डोरीन म्हटलं तर?"

"तर डोरीन. त्यात खोटं काहीच नाही."

"आणि जोगीण?"

"ती राहील बेटामागे. तुझी एकट्याची. फलकावर अकरा, तुझ्या नावापुढे अकरा, आणि फॅरंट जन्मभर तिकडे कुडकुडत बसेल."

 हिशेब आम्हा दोघांनाही कळला होता. उरलेल्या नऊ फॅरंटनं चौदा सालीच पुऱ्या केल्या होत्या, मॉरिसनं सोळा साली. दोन्ही कार्प एकच असतील तर अकरा नव्हत्याच, दहा होत्या. आणि पहिला फॅरंट होता, पाच वर्षांपासून. मॉरिसला बोलायचंही नव्हतं, नुसती बटणांची बाजू वर ठेवायची होती. सगळे तशीच तर ठेवत आले होते.

झोळीत तिनं तोंड उघडलं, मिटलं.

"किती वर्षं मी हिला नळ म्हणालो," मॉरिस म्हणाला. मग पाण्यात हात घालून त्यानं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"डोरीन आहे का? डोरीन?" फॅरंट धापा टाकत पोचला. मागून बाकीचे. मॉरिसनं झोळी काट्याला लावली. मी वाचलं, "बेचाळीस पौंड, चार औंस!" मॉरिस गुडघ्यांवर बसला, तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि सात बटणं सगळ्यांसमोर धरली.

असा आरडाओरडा त्या तळ्यावर मी ऐकला नव्हता. वीस माणसं लहान पोरांसारखी उड्या मारत होती. "प्रोफेसर! बालवाडीत! पावावर!" फॅरंटनं चिमटा आकाशात उंचावला, पण चेहऱ्यावर एक सावली येऊन गेली. फलकाचा हिशेब त्यालाही येत होता. तरी तो पुढे झाला आणि हात पुढे करून म्हणाला, "अकरा. पहिला. घे बाबा, मान्य."

मॉरिसनं हात घेतला नाही. त्याचे हात रिकामे नव्हते.

"थांब, कॉलिन. अजून बघायचं राहिलंय."

आणि त्यानं तिला फिरवलं.

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. मग फॅरंट वाकला. आणखी वाकला. ती तीन टिंबं त्यानं चहाच्या खोलीतल्या फोटोत इतक्यांदा पाहिली होती की झोपेत काढून दाखवली असती. चिमटा त्याच्या हातातून खाली पडला. मॉरिसनं तिला पुन्हा झोळीत घालून पाण्यात धरलं.

"ही… ही तर…"

"हो."

"पण ही तर आत्ता…"

"हो रे बाबा. तीच. दोन नाहीत. एकच आहे."

"म्हणजे मी तिला…" फॅरंटचा तो सात भिंतींपलीकडचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी तिला हातात धरलंय? जोगिणीला?"

"चौदा सालच्या सप्टेंबरात," मी म्हणालो. "सात तारखेला. मका लावला होतास."

"मी फोटोसाठी टोपी नीट करत होतो तेव्हा!"

"आणि त्याच दिवशी तुझ्या सगळ्या पुऱ्या झाल्या," मॉरिस म्हणाला. प्रत्येक शब्द त्यानं नीट सुरात लावून सांगितला. "पहिला तू आहेस, कॉलिन. मी दुसरा. फलकावर तुझं नाव आधी लागेल."

फॅरंट त्याच्याकडे बघत राहिला. "तू ही बाजू दाखवली नसतीस तर?"

"तर मासा अर्धाच धरला असता मी."

फॅरंटनं बाहीनं नाक पुसलं. "पाच वर्षं मी राजा होतो आणि एका बेट्यानं मला सांगितलं नाही!" आणि मग त्याचा आवाज परत आला, पहिल्यापेक्षा दुप्पट. "अरे पण प्रोफेसर! जोगीण तुला किती वेळा मिळालीय?"

"तीनदा. आजची धरून चार."

"चार! म्हणजे डोरीन तुला चार वेळा! राखणदार, वही बघ. दुसऱ्या कुणाला मिळालीय चार वेळा?"

मला वही बघायची गरज नव्हती. "कुणालाच नाही. तीनच्या वर कुणीच नाही."

"ऐकलंत का? अकरा वर्षं आपण याला हसतोय की याला ती मिळत नाही, आणि सगळ्या तळ्यात तिचा सगळ्यात लाडका हाच! नळ म्हणे नळ! सगळ्यात जास्त पाणी यानंच भरलंय!"

मॉरिस आधी नुसता बघत राहिला. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मग त्याचा चेहरा उजळत गेला, कानापर्यंत.

मी आणि मॉरिसनं मिळून तिचे ओठ औषधानं पुसले. फॅरंटनं बूट न काढता पाण्यात उतरून शेपटीकडून आधार दिला, मॉरिसनं डोक्याकडून, आणि दोघांनी तिला हळूच सोडली. ती क्षणभर त्यांच्या हातांमध्येच राहिली, एकीकडे बटणं, एकीकडे टिंबं, मग शेपटीचा एक फटका मारून दोघांचीही तोंडं भिजवून गेली.

आणि मग बादल्या आल्या. मनातला मासा मिळाला की त्या माणसाला तळ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, हा आमचा रिवाज. पहिली बादली फॅरंटनं ओतली मॉरिसच्या डोक्यावर, दुसरी मॉरिसनं ओतली फॅरंटच्या. मग कोण कुणावर ओततंय याचा पत्ता नाही. डोरीनबाई केकचा डबा छातीशी धरून ओरडत होत्या, "मी आधीच भिजलेय रे मेल्यांनो!" तरी त्यांच्यावर अर्धी बादली गेलीच, आणि त्यांनी ती परतवलीही.

मॉरिस बालवाडीच्या पाण्यात उभा होता. केस कपाळाला चिकटलेले, कॉलर खाली आलेली, पाठ ताठ. त्यानं दोन्ही हात वर केले आणि तो ओरडला, ज्यानं आयुष्यात चमचा वाजू दिला नव्हता तो माणूस छाती फुटेस्तोवर ओरडला, "चार वेळा!"

काठावरच्या वीस गळ्यांनी तो गजर उचलला. "चार वेळा!"

बेटावरचे बगळे उडाले. फॅरंट सगळ्यांच्या वर आवाज काढत होता.